तुरुंग पत्करणाऱ्या रखमाबाई

आपल्या वर्गातल्या मुली अकराव्या वर्षी पाढे चुकले म्हणून बाकावर उभ्या राहायच्या. मुंबईच्या रखमाबाईंचे त्या वयात लग्न झाले होते. पुढेही त्या माहेरीच राहिल्या आणि शाळा नसताना घरी पुस्तके वाचत राहिल्या. पत्नीने नांदायला यावे म्हणून दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न कळत्या वयातले लग्न आपल्याला बांधत नाही, हे रखमाबाईंचे म्हणणे. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला. अपिलात तो फिरला. पाठीशी उभे राहिलेले सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन तोवर वारले होते. मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला : सासरी जा, नाहीतर सहा महिने कैद. बाईंनी कैद पत्करली. अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या त्या! टिळकांसारखी वजनदार माणसेही विरोधात होती. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला आणि तुरुंग टळला. पुढच्याच वर्षी रखमाबाई वैद्यक शिकायला लंडनला गेल्या. डॉक्टर होऊन परतल्यावर आधी सुरतेत, मग राजकोटला, निवृत्तीपर्यंत त्या बायकांच्या इस्पितळात काम करत राहिल्या.