घड्याळाचं वय सांगणाऱ्या वह्या : अब्राहम-लुई ब्रेगे

मंडळी, जुनं खिशातलं घड्याळ किंवा स्टॉपवॉच हाती आलं की जाणकार आधी मागचं झाकण उघडून आतला नंबर बघतात. पण नंबरवरून वय कळायचं, तर तो कुठेतरी नोंदलेला हवा. पॅरिसच्या ब्रेगेने हे काम चोख केलं होतं.

अब्राहम-लुई ब्रेगेचा जन्म 1747 चा, स्वित्झर्लंडच्या न्यूशातेलमधला. अकराव्या वर्षी वडील गेले. सावत्र वडील घड्याळवाल्यांच्या घरातले, त्यामुळे पोरगा त्याच धंद्यात पडला. 1775 मध्ये त्याने पॅरिसमध्ये दुकान थाटलं आणि बघता बघता फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत त्याची गिऱ्हाईक झाली.

हीच ओळख पुढे जिवावर बेतली! राज्यक्रांतीत राजवाड्याशी संबंध म्हणजे गिलोटिनचं बोलावणंच. क्रांतिकारक मारा हा त्याचा मित्र. त्याच्या मदतीने परवाना मिळाला आणि 1793 मध्ये ब्रेगे स्वित्झर्लंडला निसटला. त्याच वर्षी राणीचा शिरच्छेद झाला.

1795 मध्ये तो परतला, तर बाजारात त्याच्या नावाची नकली घड्याळं बोकाळलेली. मग त्याने तबकडीवर अगदी बारीक गुप्त सही कोरायला सुरुवात केली. तिरप्या उजेडात धरली तरच दिसायची. नकली मालावर नंबरही असायचा, पण तो दुकानाच्या वहीशी जुळणार कसा? खऱ्या घड्याळांच्या विक्रीची आणि दुरुस्तीचीही नोंद तिथे व्हायची.

नुसत्या नंबरवर विसंबलं तर फसगत होते, हे 160 नंबरचं घड्याळ दाखवतं. राणीसाठी त्याची मागणी 1783 मध्ये आली आणि ते पूर्ण झालं 1827 मध्ये. तोवर राणीला जाऊन 34 वर्षं झाली होती आणि 1823 मध्ये खुद्द ब्रेगेही गेला होता. (हे घड्याळ 1983 मध्ये जेरुसलेमच्या संग्रहालयातून चोरीला गेलं आणि वीसेक वर्षांनी सापडलं, ती गोष्ट वेगळीच!)

म्हातारपणीही गडी स्वस्थ नव्हता. 1820 च्या सुमारास त्याने दोन सेकंद काट्यांचं घड्याळ केलं. एक काटा थांबवला तरी दुसरा पळतच राहायचा. एकाच वेळी दोन अवधी मोजणाऱ्या आजच्या क्रोनोग्राफचा हा पूर्वज.

आणि 2639 नंबर? नेपल्सची राणी कॅरोलिन म्युराने 1810 मध्ये मनगटावर बांधायचं घड्याळ मागवलं, ते 1812 मध्ये तयार झालं. वहीत त्याची नोंद आहे, पुढच्या दुरुस्त्याही आहेत. घड्याळ मात्र अजून कुणाला सापडलेलं नाही.