आवाज नसलेल्या काळाचा राजा : मास्टर विठ्ठल

कमठाणा : बोलपटांचा इतिहास सांगताना ‘आलम आरा’चं नाव सगळे घेतात. १४ मार्च १९३१, मुंबईचं मॅजेस्टिक थिएटर, देशातला पहिला बोलता चित्रपट, हे शाळकरी पोरंही पाठ म्हणून दाखवतात. पण त्या चित्रपटाचा नायक कोण, असं विचारलं की भलेभले अडखळतात. काही जण पृथ्वीराज कपूर यांचं नाव ठोकून देतात. पृथ्वीराज त्यात होते, पण सेनापतीच्या भूमिकेत. राजपुत्र झाला होता तो कोल्हापूरच्या स्टुडिओत घडलेला मराठी गडी. त्याचं नाव मास्टर विठ्ठल.

विठ्ठल यांचा जन्म १९०६ चा. लहानपणीच ते नाटकात शिरले आणि राजापूरकर नाटक मंडळीतून रंगभूमीवर उभे राहिले. तिथून ते कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. त्या काळी ही कंपनी म्हणजे मराठी सिनेमाची तालीमच होती. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल ही मंडळी तिथेच घडली. विठ्ठल यांनी तिथे फिल्म जोडण्याचं, म्हणजे संकलनाचं काम केलं. कॅमेऱ्यासमोर ते पहिल्यांदा आले ते १९२४ च्या ‘कल्याण खजिना’त, आणि तेही नाचणारीच्या वेषात. चांगल्या घरच्या बायका सिनेमात यायला तयार नसत, तेव्हा नाटकातल्या पोरांना लुगडं नेसवून उभं करायची रीत सिनेमातही चालू होती. पुढे ज्याच्या तलवारीवर लोक शिट्ट्या मारणार होते, त्याची सुरुवात अशी घुंगरांनी झाली.

हिंदुस्थानचा डग्लस

पुढचा मुक्काम मुंबईत. भोगीलाल दवे आणि नानूभाई देसाई यांनी १९२५ मध्ये शारदा फिल्म कंपनी काढली होती. तिला हवा होता चपळ, देखणा, घोड्यावर मांड ठोकणारा नायक. १९२६ च्या ‘रतन मंजरी’त विठ्ठल नायक झाले आणि मग त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. तलवारबाजी, घोडदौड, तटावरून उड्या, शेवटी दुष्टाचा बंदोबस्त आणि राजकन्येची सुटका असा तो सगळा मामला. पब्लिकला हेच हवं होतं.

तेव्हा अमेरिकेहून येणारे साहसपट आपल्याकडे धो धो चालत. एडी पोलोसारख्या नटांच्या भागाभागांच्या मालिका लोक आठवड्यामागून आठवडा बघत. प्रत्येक भाग नेमका अशा ठिकाणी संपायचा, की नायक मेला की वाचला ते पुढच्या खेपेलाच कळावं. त्यावर कळस चढवला डग्लस फेअरबँक्स यांनी. १९२० चा ‘द मार्क ऑफ झोरो’, १९२२ चा ‘रॉबिन हूड’, १९२४ चा ‘द थीफ ऑफ बगदाद’ अशी त्यांची चढती भाजणी होती. विठ्ठल यांना लोकांनी ‘हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स’ करून टाकलं. मूकपटाच्या जमान्यात सगळ्यात जास्त पैसे घेणारे स्टंट नट म्हणून त्यांचं नाव झालं.

मूकपटाचं एक बरं होतं. त्याला भाषेची सीमा नव्हती. पडद्यावर मधेमधे पाट्या यायच्या, त्या दोन-तीन किंवा चार भाषांत असायच्या. ज्यांना वाचता येत नसे, त्यांच्यासाठी थिएटरात कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवी. एरवी घोडा दौडला की मराठी माणसाला कळायचं, कन्नड माणसालाही कळायचं, दखनी बोलणाऱ्यालाही कळायचं. विठ्ठल कुठल्या भाषेतले, हा प्रश्न कुणाला पडतच नव्हता.

बोलपट आला, आणि कोर्टकचेरीही

१९३० च्या सुमारास इम्पीरियलच्या आर्देशीर इराणी यांनी बोलपटाचा घाट घातला. नायक म्हणून मेहबूब खान यांचाही विचार झाला होता. पुढे ‘मदर इंडिया’ काढणारे हेच मेहबूब, पण तेव्हा ते किरकोळ भूमिका करणारे नवखे नट होते. इतका मोठा पैसा लावायचा तर चेहरा ओळखीचाच हवा, म्हणून इराणींनी विठ्ठल यांना घेतलं.

अडचण एवढीच, की विठ्ठल यांचा शारदाशी करार होता. तो मोडून ते इराणींच्या गोटातल्या सागर कंपनीत गेले. शारदानं त्यांना कोर्टात खेचलं. विठ्ठल यांची बाजू मांडली मुंबईच्या नामांकित बॅरिस्टरांनी, आणि ते बॅरिस्टर म्हणजे महंमद अली जिना. निकाल विठ्ठल यांच्या बाजूनं लागला. पुढे पाकिस्तानचे निर्माते झालेले जिना एका मराठी स्टंट नटाचे वकील होते, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पण नट हा कंपनीचा वेठबिगार नाही, एवढं त्या खटल्यानं दाखवून दिलं.

कोर्टात जिंकलेले विठ्ठल मायक्रोफोनपुढे मात्र अडले. ‘आलम आरा’ हिंदुस्थानीत होता, त्यातही उर्दू ढंगाच्या बोलीत. पारशी रंगभूमीवरचं जोसेफ डेव्हिड यांचं नाटक त्याच्या मुळाशी होतं. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून चित्रीकरण बरंचसं रात्री चालायचं. मायक्रोफोन कुठंतरी आडोशाला लपवून ठेवत. सगळ्यांचीच कसोटी होती, पण विठ्ठल यांची जरा जास्तच. ज्यांनी कधी पडद्यावर तोंड उघडलं नव्हतं, त्यांच्याकडून आता शुद्ध उच्चार हवे होते. ते काही जमेनात. शेवटी तोड काढली गेली, ती अशी की राजपुत्र बराच वेळ गुंगीत, अर्धवट शुद्धीत दाखवायचा. देशातल्या पहिल्या बोलपटाचा नायक असा फारसा न बोलताच पार पडला.

चित्रपट तुफान चालला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले आणि चार आण्यांचं तिकीट बाहेर चार-पाच रुपयांना विकलं गेलं. पण लोकांच्या तोंडी होती ती गाणी. पडद्यावरची तलवार मागे पडली आणि गळा पुढे आला.

पुन्हा मराठीकडे

फेअरबँक्स यांचंही तेच झालं. बोलपट आल्यावर त्यांचा जम बसेना, १९३४ मध्ये त्यांचा शेवटचा चित्रपट आला आणि १९३९ मध्ये ते गेले. विठ्ठल मात्र हातपाय गाळून बसले नाहीत. १९३३ मध्ये त्यांनी ‘आवारा शहजादा’ दिग्दर्शित केला. त्यात शाहू मोडक यांनी राजपुत्र आणि त्याच्यासारखाच दिसणारा गरीब पोरगा अशा दोन भूमिका केल्या. भारतीय बोलपटातली ही पहिली दुहेरी भूमिका मानतात.

मग ते आपल्या भाषेत रमले. ‘छत्रपती संभाजी’ (१९३४), ‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘बहिर्जी नाईक’ (१९४३) अशा ऐतिहासिक मराठी चित्रपटांत ते दिसले. इथे पुन्हा घोडा होता, ढाल-तलवार होती, आणि बोलायचं होतं ते घरच्या भाषेत. पुढे नायकाच्या जागी नवे चेहरे आले, तरी ते लहानमोठ्या भूमिका करत राहिले. १९६९ मध्ये त्यांचं निधन झालं. ‘आलम आरा’ काढणारे आर्देशीर इराणीही त्याच वर्षी गेले.

मधल्या काळात नकाशेही बदलले. ‘आलम आरा’ लागला तेव्हा कमठाणा, भालकी, उदगीर, निलंगा ही सगळी गावं निजामाच्या राज्यात, एकाच बीदर जिल्ह्यात होती. १९५६ मध्ये भाषेवर राज्यं आखली गेली. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, बीदर-भालकी इकडे राहिले, नारायणखेड आणि जहिराबाद आंध्रात गेले. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि बीदरला गेलं की दखनी, अशा तिन्ही बोली तोंडात खेळवणाऱ्या इथल्या माणसाला विठ्ठल यांची अडचण चटकन समजेल. माणसाचा कस तोच असतो, पण दुसऱ्याच्या भाषेत उभं केलं की तो मुका ठरतो.

आज ‘आलम आरा’ची एकही प्रत उरलेली नाही. काही छायाचित्रं आणि जाहिराती, एवढंच हाती आहे. देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यातले बोटांवर मोजावे इतकेच शिल्लक आहेत. जुन्या फिल्ममधली चांदी काढून बाकीचं भंगारात गेलं. विठ्ठल यांच्या ज्या उड्यांवर थिएटर डोक्यावर घेतलं जायचं, त्या बहुतेक अशाच वितळून गेल्या. मागे राहिलं ते नाव. पहिल्या बोलपटाचा नायक कोण, असं पुन्हा कुणी विचारलं तर निदान आपल्या भागात तरी ते अडखळत घेतलं जाऊ नये.