काकासाहेब कालेलकर : संन्यासाकडून व्यवस्थेकडे

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांची मातृभाषा मराठी, लेखकीय कीर्ती गुजराती भाषेतील, आणि आयुष्याची अखेर दिल्लीची. राजघाटाजवळील ‘सन्निधी’त त्यांनी उत्तरायुष्य घालविले व २१ ऑगस्ट १९८१ रोजी दिल्लीतच देह ठेवला. गुजरातेने त्यांना इतके आपलेसे केले, की मराठी वाचकाला त्यांची ओळख पुष्कळदा अनुवादांतूनच झाली.

जन्म साताऱ्याचा, १ डिसेंबर १८८५ चा. वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे बालपण सातारा, कारवार, बेळगाव असे गावोगावी गेले. १९०७ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन ते पदवीधर झाले. पुढे बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात ते शिक्षक होते. परंतु सरकारी रोषामुळे ते विद्यालय बंद पडले. तेव्हा, १९१२ मध्ये, संसार मागे ठेवून त्यांनी हिमालयाची वाट धरली. या प्रवासाचे वर्णन गुजराती प्रवासवाङ्मयात अग्रगण्य मानले जाते. त्या वर्णनाच्या मोहिनीत, घरी राहिलेल्या पत्नीने ते दिवस कसे काढले असतील, हा प्रश्न वाचकाच्या मनात सहसा उठत नाही. तो उठावयास हवा.

हिमालयात मात्र ते राहिले नाहीत. १९१५ मध्ये शांतिनिकेतनात गांधीजींची भेट झाली आणि विरक्तीची ओढ आश्रमाच्या सामुदायिक जीवनाकडे वळली. साबरमतीच्या तुरुंगवासातून जन्मलेल्या ‘ओतराती दीवालो’ या लहानशा पुस्तकात राजकारण जवळजवळ नाहीच. आहेत ते कोठडीभोवतीचे पक्षी, मुंग्या, झाडे. बंदिवासात माणूस कडवट होतो. काकासाहेबांनी तेथे शेजार शोधला. माणसाने एकट्याने मुक्त होण्यापेक्षा इतरांशी असलेली आपली नाती नीट लावावीत, हा त्यांच्या प्रौढ चिंतनाचा गाभा होय. ज्या निबंधसंग्रहाला १९६५ चे साहित्य अकादेमी पारितोषिक लाभले, त्याचे ‘जीवन-व्यवस्था’ हे नावच पुरेसे बोलके आहे.

या चिंतनाची खरी कसोटी दिल्लीत लागली. १९५२ पासून ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. १९५३ मध्ये पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. आयोगाने देशभर हिंडून २,३९९ जाती मागासलेल्या ठरविल्या व ३० मार्च १९५५ रोजी अहवाल सादर केला. अहवालावर अध्यक्षांची स्वाक्षरी होती. पण सोबत राष्ट्रपतींना लिहिलेल्या दीर्घ पत्रात, जात हाच मागासलेपणाचा निकष मानण्याविरुद्ध त्यांनी मत नोंदविले होते. जातींच्या उतरंडीला सरकारी मान्यता मिळाली तर ती अधिकच घट्ट होईल, असे भय त्यांना वाटू लागले होते.

हे धैर्य की दोलायमानता? शंका दडपून न ठेवण्याचा प्रामाणिकपणा त्यात निश्चितच आहे. परंतु ज्यांच्यासाठी आयोग नेमला गेला, त्यांच्या पदरी या प्रामाणिकपणाने काही पडले नाही. केंद्र सरकारने शिफारशी स्वीकारल्या नाहीत, आणि अध्यक्षांचेच पत्र विरोधकांच्या हाती आयते आले. दुसरा आयोग १९७९ मध्ये नेमला गेला. त्याच्या शिफारशींची अंमलबजावणी जाहीर होण्यास १९९० साल उजाडले. काकासाहेबांना जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. त्यांच्या आयोगाचा अहवाल आणि ते पत्र आजही एकाच खंडात वाचावयास मिळतात : आधी पत्र, मग शिफारशी.