माणगावचे यशवंत घाडगे

दरवर्षी ३० जानेवारीस, हुतात्मा दिनी, सकाळी ११ वाजता आपण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतो. त्या शांततेत आमच्या मनात महात्माजींच्या पाठोपाठ एका कोकणी शिपायाचे नाव येते. हुतात्म्यांच्या मालिकेत ते बसते की नाही, याविषयी मतभेद संभवतो. म्हणूनच त्याची हकीकत येथे देत आहोत.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील पळसगावी झाला. डोंगरउतारावरची भातखाचरे आणि चार महिने कोसळणारा पाऊस! बोरगावच्या काळ्या रानात, कापूस आणि संत्र्यांच्या सहवासात वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना त्या मुलखाची कल्पना यावयाची नाही. तुटपुंज्या शेतीवर घर चालत नसे. म्हणून तेथील मुलगे मुंबईच्या गिरण्यांत जात, नाही तर पलटणीत. यशवंतराव मराठा लाईट इन्फंट्रीत गेले आणि तिसऱ्या पलटणीत नाईक झाले.

दुसरे महायुद्ध चालू होते. जून १९४४ मध्ये रोम दोस्तांच्या हाती पडले आणि जर्मन सैन्य डोंगराडोंगरांतून झुंजत उत्तरेकडे हटू लागले. १० जुलै रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात घाडग्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. क्षणार्धात तुकडीतील सारे शिपाई मेले वा घायाळ झाले. उभे राहिले ते एकटे नाईक. मागे फिरते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. ते पुढे धावले. हातबाँब फेकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा यांना निकामी केले, दुसऱ्यास गोळी घातली. काडतुसे संपली, नवी भरण्यास उसंत नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याने ठार केले. इतक्यात दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून, जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला. वय अवघे २२.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हाती आला. पदक इंग्रजांच्या राणीच्या नावाचे, युद्धही इंग्रजांनी पुकारलेले; त्याच वेळी आपले पुढारी तुरुंगात होते. म्हणून असे शिपाई परक्यांसाठी मेले, असे कोणी म्हणतात. आम्हांस ते अर्धेच खरे वाटते. युद्ध कोणाचे, हे ठरविणे पळसगावच्या शेतकरीपुत्राच्या हाती नव्हते; पडलेल्या सोबत्यांना मागे टाकून परतणे, न परतणे मात्र त्याच्या हाती होते.

दिल्लीचे राष्ट्रीय युद्धस्मारक, जे २०१९ साली उभे राहिले, स्वातंत्र्यानंतरच्या वीरांचे आहे. तेथे त्यांचे नाव नाही. ते इटलीत, कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. २०२३ च्या जुलैत इटलीतील माँटोन या गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारले. ज्या रणभूमीवर ते पडले, तेथील लोकांना एवढ्या वर्षांनी त्यांची आठवण व्हावी आणि आपल्या पाठ्यपुस्तकांना ती क्वचितच व्हावी, याचा आम्हांस थोडा विषाद वाटतो.

येत्या ३० जानेवारीस ११ वाजता आम्ही त्या नाइकाचेही स्मरण करणार आहोत.