नियमात न बसलेली गुलबक्षी

दिवेलागणीच्या सुमारास परसात गुलबक्षी उमलते. लहानपणी तिच्या काळ्या बिया खिशात भरून आम्ही गावभर हिंडत असू. याच साध्या झाडाने आनुवंशिकतेच्या शास्त्राला दोनदा कोड्यात टाकले, हे मला निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले. ती कोडी प्रामाणिकपणे नोंदवणारा माणूस म्हणजे कार्ल कॉरेन्स.

कॉरेन्स यांचा जन्म म्युनिकचा, १८६४ सालचा. आईवडील लवकर गेले. पोरका मुलगा स्वित्झर्लंडमध्ये नातलगांकडे वाढला. म्युनिकच्या विद्यापीठात नेगेली या बड्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांना हाताशी धरले. पुढे नेगेलींच्या नात्यातल्याच मुलीशी त्यांचा विवाह झाला. या नेगेलींना मेंडेल नावाच्या एका मठवासीयाने वाटाण्यावरच्या प्रयोगांविषयी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली होती. नेगेलींना मात्र त्यांचे मोल उमगले नाही. मेंडेल १८८४ मध्ये उपेक्षितच वारले.

ट्यूबिंगेनला मका आणि वाटाण्याचे संकर करताना कॉरेन्सना तेच नियम स्वतंत्रपणे गवसले. मग जुना लेख हाती आला आणि आपल्या आधी कोणी तरी तिथे पोचले होते, हे त्यांना कळले. एप्रिल १९०० मध्ये ह्यूगो द व्रीस यांचा याच विषयावरचा फ्रेंच लेख टपालाने आला. त्यात मेंडेलचा उल्लेखच नव्हता! कॉरेन्सनी तातडीने आपला लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच मेंडेलचे नाव घातले. स्वतःचा मान त्यांनी मृत माणसाच्या पदरात टाकला. १९०५ मध्ये नेगेलींना आलेली ती पत्रेही त्यांनी प्रसिद्ध केली.

इथे कथा संपली असती, तर ती केवळ सौजन्याची कथा झाली असती. पण कॉरेन्स गुलबक्षीकडे वळले. लाल आणि पांढऱ्या फुलांचा संकर केला, तर एका रंगाने दुसऱ्याला झाकावे, ही अपेक्षा. फुले आली गुलाबी. त्यांच्या पुढच्या पिढीत लाल एक, गुलाबी दोन, पांढरे एक, असे प्रमाण दिसले. म्हणजे मेंडेलचे घटक शाबूत होते. प्रभावी-अप्रभावी हा भेद मात्र सर्वत्र लागू नव्हता.

दुसरे कोडे अधिक अवघड होते. चट्टेपट्टे असलेल्या पानांच्या गुलबक्षीला काही फांद्या हिरव्या, काही पांढऱ्या, काही कबऱ्या असतात. हिरव्या फांदीवरच्या फुलाचे बी हिरवेच रोप देई. पांढऱ्या फांदीचे रोप पांढरे निघे आणि हरितद्रव्याअभावी मरून जाई. कबऱ्या फांदीच्या बियांतून तिन्ही प्रकार येत. पराग कोणत्या फांदीचा, याने काहीच फरक पडत नसे. वारसा फक्त आईचा! १९०९ मध्ये कॉरेन्सनी हे प्रसिद्ध केले आणि केंद्रकाबाहेरच्या पेशीरसाकडे बोट दाखवले. पानांतल्या हरितकणांना स्वतःचे डीएनए असते, हे १९६०च्या दशकात सिद्ध झाले. आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाचा वारसाही आपल्याला आईकडूनच मिळतो.

बँकेत न जुळणारी रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात टाकत असू. ती दडवायची नसते. उलगडा होईपर्यंत वहीत दिसत राहावी लागते. ज्या नियमासाठी कॉरेन्सनी आपला मान सोडला, त्याच नियमात न बसणारी नोंदही त्यांनी तशीच उघडी ठेवली.

बर्लिनच्या कैसर विल्हेम जीवशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक झाले. १९३३ मध्ये ते वारले. त्यांचे अप्रकाशित कागद १९४५ च्या बॉम्बवर्षावात जळाले. वहीतले बरेच गेले. गुलबक्षी मात्र रोज संध्याकाळी साक्षीला हजर असते.