संन्यासी पीटर

इ. स. १०९५ च्या नोव्हेंबरांत फ्रान्समधील क्लेर्मों येथें पोप दुसरे उर्बान यांनीं यरुशलेमच्या सुटकेसाठीं सरदारांस हांक दिली. परंतु सरदारांच्या आधीं निघाले ते गोरगरीब, आणि त्यांचा पुढारी होता आमियें नगराकडील एक अनवाणी संन्यासी, पीटर.

यरुशलेमची यात्रा तेव्हां नवी नव्हती. पापांचें प्रायश्चित्त म्हणून भाविक शेंकडों कोस चालून प्रभूच्या कबरेच्या दर्शनास जात. १०६४ सालीं जर्मनीचे कांहीं बिशप हजारों यात्रेकरू घेऊन निघाले. ते बहुतेक निःशस्त्र होते, आणि पुढील वर्षाच्या उत्तम शुक्रवारीं रामला शहराजवळ लुटारूंच्या हातीं सांपडले. यात्रेकरूच्या काठीबरोबर तरवारहि असावी, ही कल्पना अशा अनुभवांतून बळावली.

पीटर गाढवावर बसून गांवोगांव उपदेश करी. मिळालेलें दान तो वाटून टाकी. पतित स्त्रियांना हुंडा देऊन त्यांचे विवाह लावून देई. लोक त्याच्या गाढवाचे केस उपटून पवित्र अवशेष म्हणून जपत. भक्तीचा विवेक सुटला म्हणजे बिचाऱ्या गाढवालाहि सुख नाहीं! पीटरनेंच पोपसाहेबांच्या मनांत ही मोहीम भरविली, अशी कथा पुढें रूढ झाली. आजचे बहुतेक इतिहासकार ती मानीत नाहींत.

१०९६ च्या पास्काच्या सुमारास तो कोलोन येथें पोंचला. त्याच वसंतांत दुसऱ्या टोळ्यांनीं वर्म्स व माइन्झ येथील निरपराध यहुद्यांची कत्तल केली. तें कृत्य पीटरच्या जमावाचें नव्हे. तरी आग एकच होती, आणि हें आपण ख्रिस्ती लोकांनीं झांकूं नये. त्याच्या स्वतःच्या लोकांनीं वाटेंत सेमलिन लुटलें व बेलग्रेड जाळलें.

१ ऑगस्टला ते कॉन्स्टँटिनोपल येथें आले. सरदारांची फौज येईपर्यंत थांबा, असा सल्ला बादशहा आलेक्सियस यानें दिला. पण समुद्र ओलांडून आशियांत उतरल्यावर जमाव कोणाचेंच ऐकेना, पीटरचेंहि नाहीं. तो मदत मागण्यास राजधानींत परतला असतां २१ ऑक्टोबर रोजीं तुर्कांनीं त्या लोकांचा फडशा पाडला. मोत माउलीच्या सणाहून परततांना आपलीं माणसें पुनः पुन्हां मोजणाऱ्या मजसारख्या धर्मगुरूला हा प्रसंग वाचवत नाहीं.

पीटर वांचला व मागून आलेल्या सरदारांस मिळाला. १०९८ च्या जानेवारींत अंत्युखियाच्या वेढ्यांत उपासमार असह्य होऊन तो छावणींतून पळाला. टांक्रेड नांवाच्या सरदारानें त्यास परत आणविलें. तोच पीटर त्या जूनमध्यें तुर्क सेनापति केर्बोगा याच्यापुढें वकील म्हणून उभा राहिला.

१५ जुलै १०९९ रोजीं यरुशलेम पडलें, तेंहि भयंकर रक्तपातानें. ऑगस्टांत अस्कलोनची लढाई चालू असतां पीटर शहरांत धर्मगुरूंच्या मिरवणुका काढून प्रार्थना करवीत होता. पुढें तो युरोपास परतला, आणि आजच्या बेल्जममधील हुई गांवाजवळच्या मठांत १११५ सालीं वारला.