हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय

हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय (२० जानेवारी, १८७७ – १४ ऑक्टोबर, १९२५) हे इंग्रज कीटकशास्त्रज्ञ होते. वेस्ट इंडीजमधील नोकरीनंतर १९०३ मध्ये ते भारतात आले व पुढे बिहारमधील पुसा येथे शाही कीटकशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी काम केले. 'इंडियन इन्सेक्ट पेस्ट्स' (१९०६) आणि 'इंडियन इन्सेक्ट लाइफ' (१९०९) हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत.

त्यांनी वर्णिलेल्या किडींपैकी हरभऱ्यावरील घाटे अळी आजही कडधान्यांची मोठी शत्रू आहे. ती प्रथम कोवळी पाने खाते. मग घाट्याला छिद्र पाडून, निम्मे शरीर आत खुपसून दाणा फस्त करते आणि अखेरीस जमिनीत कोषात जाते. घाट्यात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा नीट पोहोचत नाही. त्यामुळे ती लहान असतानाच उपाय करावा लागतो. खोल नांगरटीने कोष उघडे पडून पक्ष्यांच्या तोंडी जातात.

१९१२ मध्ये लेफ्रॉय लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. वेस्टमिन्स्टर हॉलचे छत पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांवरील उपायामुळे तिकडे त्यांचे नाव झाले, तरी पुसा येथील काम अधिक मोलाचे ठरते. ऑक्टोबर १९२५ मध्ये कीटकनाशक वायूवर प्रयोग करताना ते प्रयोगशाळेत बेशुद्ध पडले. चार दिवसांनी, वयाच्या ४८व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.